जुने मोटरघर विकत घेण्यापूर्वी

घर एका जागी उभे असते आणि वाहन फिरते, अशी आपली साधी समजूत असते. या दोहोंची सांगड घालणारे एक वाहन युरोप-अमेरिकेत बऱ्याच वर्षांपासून प्रचारात आहे. त्याच्या पोटात झोपायला फळी, स्वयंपाकाला शेगडी, पाण्याची टाकी आणि लहानसे शीतकपाट असते. इंग्रजीत त्याला मोटरहोम किंवा कॅम्पर म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण त्याला 'मोटरघर' म्हणू.

हे वाहन आपल्या भागाला अगदीच अपरिचित आहे असे नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपातील तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली अशा खुष्कीच्या मार्गाने भारतात येत आणि त्यांतील काहींच्या गाड्या गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत पोचत. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो मार्ग बंद पडला. त्या मार्गावर हमखास दिसणारी गाडी म्हणजे जर्मन बनावटीची फोक्सवॅगन टाइप २.

त्या काळात बनलेल्या या गाड्या आज पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या झाल्या आहेत. तरीही जर्मनी, ब्रिटन, अमेरिका या देशांत त्यांना मोठी मागणी आहे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आपल्या तरुणांनाही त्यांची भुरळ पडू शकते. रंग नवा, पडदे नवे, गाद्या नव्या. पाहणाऱ्याचे मन हरखून जाते. अशा वेळी साठवलेला पैसा आणि क्वचित जीवही धोक्यात येतो. म्हणून ही गाडी घेण्यापूर्वी कशी तपासावी, याचा विचार येथे केला आहे. वर्गात शिकलेले पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र येथे कसे उपयोगी पडते हेही ओघाने दिसेल.

सारांश आधीच सांगतो. जुन्या मोटरघराचे सर्वांत मोठे नुकसान पाण्याने होते. इंजिन झिजले तर दुसरे बसवता येते. पण पाण्याने सांगाडा खाल्ला असेल तर गाडीच पुन्हा घडवावी लागते. म्हणून आधी सांगाडा, मग आग आणि विषारी वायू यांचा धोका, त्यानंतर यंत्र आणि सर्वांत शेवटी शोभा, अशा क्रमाने महत्त्व दिले पाहिजे. हौशी गिऱ्हाईक नेमके उलट्या क्रमाने पाहते.

वाहनाची ओळख

बेन पोन नावाच्या डच आयातदाराने २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत डब्यासारख्या एका गाडीचे रेखाचित्र काढले. मार्च १९५० मध्ये वोल्फ्सबुर्ग येथे तिचे उत्पादन सुरू झाले आणि १९५६ पासून ते हानोव्हरच्या नव्या कारखान्यात होऊ लागले. वेस्टफालिया या जर्मन कंपनीने १९५१ पासून या गाडीत बसवण्याजोगे घरगुती सामान बनवण्यास आरंभ केला. ब्रिटनमध्ये डॉर्मोबिल, डेव्हन, डॅनबरी इत्यादी कंपन्यांनी आपापल्या पद्धतीने तिची मोटरघरे केली. ऑगस्ट १९६७ पासून १९७९ पर्यंत जर्मनीत या गाडीची दुसरी पिढी निघाली. ब्राझीलमध्ये तर तिचे उत्पादन २०१३ च्या डिसेंबरपर्यंत चालू होते. या लेखात मुख्यतः दुसऱ्या पिढीची जर्मन गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे.

तिची दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवावीत. पहिले, इंजिन मागे असते व ते पाण्याऐवजी हवेने थंड होते; त्यामुळे रेडिएटर नाही. दुसरे, मालट्रकला जशी वेगळी भक्कम चासी असते तशी या गाडीला नाही. तळाची चौकट आणि वरचा पत्रा एकमेकांना वेल्डिंगने जोडलेले असून दोघे मिळून भार पेलतात. म्हणून येथे पत्र्याला लागलेला गंज हा कातडीचा रोग नसून हाडांचा रोग आहे.

१. कागदपत्रे आणि ओळखक्रमांक

गाडीला हात लावण्यापूर्वी कागद पाहावेत. चासी क्रमांक इंजिनाच्या कप्प्यात पत्र्यावर ठोकलेला असतो. त्याशिवाय पुढच्या आसनांच्या मागील भागात धातूची एक लहान पट्टी असते; तिच्यावर कारखान्याने मूळ रंग, इंजिन, इतर साहित्य यांच्या खुणा आकड्यांत नोंदलेल्या असतात. पत्र्यावरचा क्रमांक, पट्टी आणि नोंदणीचे कागद ही तिन्ही जुळली पाहिजेत.

१९७० नंतरच्या दहा आकडी क्रमांकातील तिसरा आकडा मॉडेल-वर्षाचा शेवटचा आकडा असतो. क्रमांक २३३ ने सुरू होत असेल तर गाडी १९७३ च्या मॉडेलची. हे वर्ष ऑगस्टपासून मोजले जाई. म्हणून १९७२ च्या ऑक्टोबरात बनलेली गाडी १९७३ ची ठरते. त्यात काही लबाडी नाही. इंजिन बदललेले असणे हाही या वयाच्या गाडीत गुन्हा नव्हे. मात्र ठोकलेल्या चासी क्रमांकाभोवती वेल्डिंगची खूण दिसली, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

सरकारी तपासणीचा इतिहास हा दुसरा पुरावा. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या २००५ नंतरच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. कोणत्या वर्षी कोठे गंज आढळला, तेव्हा मीटरवर किती मैल होते, हे त्यातून कळते. परंतु २० मे २०१८ पासून तेथे चाळीस वर्षांवरील, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना या तपासणीतून सूट मिळाली आहे. याचा अर्थ असा की एखादी जुनी गाडी कित्येक वर्षे कोणत्याही त्रयस्थ जाणकाराने पाहिलेली नसेल आणि तरीही ती कायदेशीरपणे रस्त्यावर असेल. सूट म्हणजे सुस्थितीचा दाखला नव्हे. उलट जबाबदारी मालकावर येते. जर्मनीत तपासणी दर दोन वर्षांनी होते. तिचा शेवटचा अहवाल मागून घ्यावा.

'सगळे काम नुकतेच करून घेतले आहे' असे विकणारा म्हणाला, तर तारखेसह बिले मागावीत. वेल्डिंग चालू असतानाची छायाचित्रे असतील तर फारच उत्तम, कारण रंग चढल्यावर आतले काम दिसत नाही.

२. गंज: सांगाड्याची परीक्षा

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज सुरू होतो, हे आपण शाळेत शिकतो. पाण्यात मीठ असेल तर त्याची विद्युतवाहकता वाढते आणि ही क्रिया अधिक वेगाने होते. थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. तेच मीठ चिखलाबरोबर गाडीच्या तळाशी जाऊन बसते. त्यामुळे कॅलिफोर्निया, अॅरिझोना अशा कोरड्या प्रदेशांतील गाड्यांना चांगली किंमत येते. त्यांचा पत्रा बहुधा शाबूत असतो, मात्र उन्हाने रबर, गाद्या आणि पडदे करपलेले असतात. या दोन दोषांपैकी दुसरा पत्करावा.

मूळ धातूपेक्षा गंजाचे आकारमान कितीतरी अधिक असते. म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज धरला की तो पत्रे फाकवतो आणि वरच्या रंगाला फोड येतात. रंगावर दिसणारा लहानसा फोड म्हणजे बहुधा आतून बाहेर आलेला गंज होय. बाहेरून दाण्याएवढा दिसला तरी आत तळहाताएवढा असू शकतो.

पुढील जागा क्रमाने पाहाव्यात: पुढच्या काचेच्या रबराखालची कड, छताच्या कडेची पन्हळ, चाकांवरच्या कमानी, चालकाच्या पायाखालचा पत्रा, सरकत्या दाराचा खालचा मार्ग, आणि इंजिनाच्या कप्प्यातील बॅटरीची बैठक. शेवटची जागा पुष्कळदा बॅटरीच्या आम्लाने खाल्लेली असते.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पेटी. तिला इंग्रजीत 'सिल' म्हणतात. या गाडीत ती तीन थरांची असते: बाहेरचा, मधला आणि आतला. बाहेरचा थर नवा बसवून, मधला आणि आतला कुजका तसाच ठेवून रंग देणे ही जुनी चलाखी आहे. म्हणून गाडीखाली पाठीवर निजून, विजेरीच्या उजेडात आतल्या बाजूने पाहिल्याशिवाय या पेटीबद्दल मत बनवू नये. तिला जोडलेले आडवे आधार आणि जॅक लावण्याच्या जागाही तेव्हाच पाहाव्यात.

यासाठी साधने साधी लागतात. पातळ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावा. जेथे तो चिकटत नाही तेथे पत्र्याऐवजी पुट्टी किंवा काचतंतूचा थर आहे असे समजावे. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. सलग पत्र्याचा आवाज खणखणीत असतो, पुट्टीचा बद्द. मालकाच्या परवानगीने पेचकसाचे टोक तळाच्या पत्र्यावर दाबून पाहावे. चांगला पत्रा दाद देत नाही, कुजलेला खपली होऊन पडतो. तळाला डांबरासारखा काळा लेप नुकताच दिलेला दिसला तर अधिक सावध व्हावे. तो संरक्षणासाठीही देतात आणि झाकण्यासाठीही.

एक परीक्षा विशेष उद्बोधक आहे. गाडी सपाट जागी उभी करून जॅकच्या ठरलेल्या जागी थोडी उचलावी आणि त्या बाजूचे दार उघडून पाहावे. सांगाडा ताठ असेल तर दार पूर्वीसारखेच उघडते. दार अडकले किंवा फट बदलली, तर सांगाडा वाकतो आहे. जॅकच पत्र्यात रुतू लागला तर पुढे काही पाहण्याची गरज उरत नाही. मात्र केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. खाली भक्कम घोडे लावूनच जावे.

३. छप्पर, लाकूड आणि ओल

टाइप २ च्या कित्येक मोटरघरांत छताचा भाग वर उचलता येतो व त्याभोवती कॅनव्हासची भिंत उभी राहते. छत उघडून कॅनव्हास उजेडाकडे धरून पाहावा. टाचणीएवढी भोके लगेच दिसतात. दुमडीच्या जागी काळे डाग असतील तर गाडी ओल्या कापडासह बंद करून ठेवली होती असे समजावे. बिजागऱ्या, कडेचे रबर आणि छतासाठी कापलेल्या पत्र्याची कड हाताने चाचपावी. मग आतली कपाटे उघडून तळाची फळी दाबावी. लवलवली तर खाली ओल आहे. नाकाचाही उपयोग करावा. कुबट वास सुगंधी फवाऱ्याने दडवता येतो, पण दारे-खिडक्या तासभर बंद ठेवल्या की तो पुन्हा येतो.

मोठ्या अमेरिकन मोटरघरांत ही परीक्षा अधिक कठीण होते. आयोवा राज्यातील विनेबेगो कंपनीने १९६६ पासून मोटरघरे काढण्यास आरंभ केला. त्या काळच्या अनेक अमेरिकन मोटरघरांच्या भिंती लाकडी चौकटीवर अॅल्युमिनियमचा पत्रा चढवून केलेल्या असत. अॅल्युमिनियम गंजून तांबडे होत नाही, त्यामुळे बाहेरून भिंत शोभिवंत दिसते आणि आत लाकडाचा भुसा झालेला असतो. छताच्या सांध्यातून झिरपलेले पाणी सर्वांत खालच्या कोपऱ्यात साचते, म्हणून डाग वर आणि कूज खाली असेही होते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला अनुकूल स्थिती तयार होते. दोन सुयांचे एक लहान यंत्र लाकडात टोचून त्याच्या विद्युतरोधावरून ओलावा मोजता येतो. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात काढलेल्या जीएमसी मोटरघराचा सांगाडा मात्र अॅल्युमिनियमच्या फासळ्यांचा आणि वरचा भाग बराचसा काचतंतूचा होता. लाकूड कुजण्याचा दोष त्याच्या भिंतींत नसल्याने ती गाडी आजही जाणकारांच्या आवडीची आहे.

४. गॅस, धूर आणि आग

वाहनात बिघाड झाला तर आपण रस्त्याच्या कडेला थांबतो. घरातील बिघाड मात्र झोपेत घात करतो. मोटरघरात दोन्ही एकत्र असल्याने हा भाग सर्वांत गंभीरपणे पाहावा.

शेगडीसाठी बहुधा प्रोपेन किंवा ब्युटेन वायू वापरतात. प्रोपेनचा रेणुभार ४४ आणि हवेचा सरासरी २९ च्या आसपास. म्हणजे प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड. गळती झाली तर तो वर न जाता फरशीवर पसरतो आणि खोलगट जागेत साचतो. यासाठी सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारे छिद्र असावे लागते. नव्या फळ्या बसवताना कोणी ते बुजवले नाही ना, हे पाहावे. रबरी नळीवर छापलेले वर्ष वाचावे. गॅस चालू करून प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे वाढू लागले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधण्याचा मूर्खपणा कोणी करू नये.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक दृढपणे जोडला जातो. शेगडीच्या अपुऱ्या ज्वलनातून तो निर्माण होतोच. पण टाइप २ मध्ये त्याची आणखी एक वाट आहे. गाडीत ऊब यावी म्हणून पंख्याची हवा एक्झॉस्टच्या तापलेल्या नळ्यांवरून फिरवून आत आणलेली असते. या नळ्यांभोवतीची उष्णता-पेटी आतून गंजून भोके पडली, तर उबदार हवेबरोबर इंजिनाचा धूरही आत येतो. म्हणून इंजिन चालू असताना ऊब सुरू करून वास घ्यावा आणि खालून या पेट्या नीट पाहाव्यात. वास आला नाही म्हणजे वायू नाही असे मात्र समजू नये. गाडी घेतल्यावर पहिल्या रात्रीपूर्वी कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र आत लावलेच पाहिजे.

तिसरा धोका आगीचा. पेट्रोलची टाकी इंजिनाच्या कप्प्याला लागूनच पुढे असते आणि तिची रबरी नळी तापलेल्या इंजिनाजवळून जाते. जुने रबर आतून तडकते. एथेनॉलमिश्रित पेट्रोलने त्याचे आयुष्य आणखी घटते, आणि ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून दहा टक्के एथेनॉलचे पेट्रोल सर्रास मिळते. इंजिन मागे असल्याने पेटल्याचे चालकाला उशिरा कळते. त्यातच १६०० सी.सी. इंजिनाचे आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते; ते पेटले की पाण्याने विझत नाही, उलट भडकते. नळी वाकवून पाहावी. चिरा दिसल्या किंवा हाताला पेट्रोलचा वास लागला, तर नवी नळी घातल्याशिवाय गाडी चालवू नये. हा खर्च अगदी किरकोळ आहे. तो टाळल्यामुळे अनेक सुंदर गाड्या जळाल्या आहेत.

विजेच्या तारांविषयी एवढेच की, हौशी मालकांनी जोडलेले दिवे, पंखे, रेडिओ यांच्या तारा मागोवा घेत पाहाव्यात. प्रत्येक तारेला स्वतःचा फ्यूज असावा.

५. इंजिन

आपण जाण्यापूर्वी इंजिन गरम करून ठेवू नका, असे विकणाऱ्याला आधीच कळवावे. पुष्कळ दोष थंड इंजिन सुरू करतानाच उघड होतात. निळसर धूर येत राहिला तर तेल जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे.

इंजिन बंद असताना मागची पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकलावी. १६०० सी.सी. इंजिनात क्रँकशाफ्टची ही मोकळीक ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असावी आणि ०.१५ ही तिची मर्यादा आहे. एवढी हालचाल हाताला जेमतेम कळते. 'टक्' असा स्पष्ट धक्का जाणवला तर इंजिन उघडावे लागणार, असे धरून चालावे.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनात भोवतीचे पातळ पत्रे आणि त्यांच्या कडेची रबरी पट्टी यांना फार महत्त्व आहे. वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा यांना हे पत्रे वेगळे ठेवतात. ते काढून टाकलेले असतील तर पंखा तीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि इंजिन हळूहळू भाजून निघते. तळाला तेलाचे एखाददुसरे थेंब दिसले तर घाबरू नये. गरम इंजिन मंद चालत असताना तेलाच्या दाबाचा दिवा लुकलुकला, तर मात्र चिंता करावी.

६. टायर, ब्रेक आणि रस्त्यावरची परीक्षा

मोटरघर वर्षातून थोडेच फिरते. त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र म्हातारे झालेले असते. २००० पासून टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१४' म्हणजे २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही खोल असली तरी असे टायर बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा. टायर वजनदार गाडीसाठीचे आहेत की साध्या मोटारीचे, हेही पाहावे.

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे उभ्या गाडीतील ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. पेडल दाबून अर्धा मिनिट धरावे; ते खाली जात राहिले तर गळती आहे. रस्त्यावर सुरक्षित जागी ब्रेक लावून गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंगमध्ये मोकळी जागा किती आहे, वेग कमी करताना गिअर निसटतो का, हे पाहावे. १६०० च्या इंजिनाची शक्ती ५० अश्वशक्तीच्या आसपास; घरभर सामान घेऊन चढणीवर ती सावकाशच जाणार. तो तिचा स्वभाव आहे, दोष नव्हे.

७. हिशेब

तपासणी संपल्यावर तेथल्या तेथे होकार देऊ नये. घरी येऊन कागदावर तीन याद्या कराव्यात. पहिलीत जिवाला धोका असलेल्या गोष्टी: गॅस, उष्णता-पेट्या, पेट्रोलच्या नळ्या, ब्रेक, टायर. यांतील बहुतेक दुरुस्त्या फारशा महाग नसतात, पण त्या गाडी वापरण्यापूर्वीच झाल्या पाहिजेत. दुसरीत सांगाडा: पेट्या, आधार, काचेची कड, कुजलेले लाकूड. येथे सामान स्वस्त आणि मजुरी अफाट असते, कारण कुजलेला भाग कापू लागल्यावर तो कोठे संपतो हे कामाआधी सांगता येत नाही. तिसरीत गाद्या, पडदे, रंग. पहिल्या दोन याद्यांचा खर्च जाणकार मिस्त्रीकडून काढून मागितलेल्या किमतीत मिळवावा. ती बेरीज म्हणजे गाडीची खरी किंमत. या हिशेबाने पाहता, फिकट रंगाची आणि फाटक्या गाद्यांची पण कोरडी, ताठ सांगाड्याची गाडी नव्या रंगाच्या देखण्या गाडीपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते.

शक्य असेल तर गाडीच्या मोहात न पडलेला एखादा स्नेही बरोबर न्यावा आणि पावसाच्या दुसऱ्या दिवशी जावे. प्रामाणिक विक्रेत्याला अशा तपासणीचा राग येत नाही. पुष्कळदा तो स्वतःच दोष दाखवतो. गाडीखाली पाहू न देणाऱ्याला नमस्कार करून परतावे. जर्मनीत, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत अशा गाड्या अजून पुष्कळ आहेत. एक सुटली तर दुसरी मिळते.